हवा मानवली नाही

रोहिणी नक्षत्र लागले म्हणजे जे नऊ दिवस येतात, त्यांस आमच्या भंडारा जिल्ह्यात नवतपा म्हणतात. पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि शहाणा मनुष्य ताट्यांवर पाणी मारून दारे लावून घेतो. यंदाच्या नवतप्यात आम्ही जी पुस्तके काढून बसलो, ती मात्र सारी थंड मुलखांसंबंधीची होती. निमित्त घरगुतीच होते. आमचे धाकटे बंधू पत्नीस व दोन मुलांस घेऊन आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे या गावी बिऱ्हाड हलविण्याच्या तयारीत होते. नोकरी, पगार, शाळा, कशाविषयीही मातोश्रींनी शंका काढली नाही. त्यांनी एकच वाक्य उच्चारले : "तिकडली हवा पोरांना मानवायची नाही."

हे वाक्य आम्हांस ओळखीचे वाटले, आणि थोडा विचार करता त्याचे मूळ ध्यानात आले. आपल्या वाङ्मयात परदेशी गेलेल्या माणसाचे दुखणे सांगण्याची वेळ आली की चरित्रकार, कादंबरीकार व वर्तमानपत्री लेखक सारेच याच चार शब्दांचा आश्रय घेतात. हवा मानवली नाही, की पुढचे काही सांगण्याची जबाबदारी संपली! आमचे म्हणणे असे आहे की, या शब्दांनी आपल्या काही चांगल्या ग्रंथांचे नुकसान केले आहे. आणि ते कसे, हे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या कथेवरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशावरूनही दिसणार नाही.

ती कथा वाचकांस ठाऊक आहेच. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेली अठरा वर्षांची ही मुलगी ४ जून रोजी न्यूयॉर्कास उतरली, न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. मार्च १८८६ मध्ये पदवी, त्याच वर्षाअखेर स्वदेशी आगमन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने अंत. तिकडल्या थंडीने बळी घेतला, असा निकाल लोकांनी तेव्हाच देऊन टाकला व तो आजतागायत चालत आला आहे.

वस्तुतः हा निकाल पुराव्याशी जुळत नाही. बंगालच्या दमट उष्म्यात असतानाच आनंदीबाईंस डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा व धाप यांनी गाठले होते. कार्पेंटरबाईंनी त्यांजकरिता अमेरिकेहून औषधे पाठविली होती, ती याच काळात. म्हणजे ज्या प्रकृतीने थंड देशात पाऊल टाकले, ती उष्ण देशातच खचलेली होती. क्षयाचे जंतू असतात हे कोख यांनी १८८२ साली बर्लिन येथे जाहीर केले होते, आणि ते जंतू हवेचा उष्णांक पाहून माणूस निवडीत नाहीत. शिवाय थंडी हीच अपराधी असती, तर मुंबईस परत येताच काही उतार पडावयास हवा होता. तसा तो पडला नाही.

तर मग फिलाडेल्फियात काय घडले? काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली लिहिलेल्या चरित्राचे मोल आमच्या मते येथेच आहे. काशीबाई स्वतः अशाच घरात वाढलेल्या, चोरून वाचावयास शिकलेल्या. त्यांस स्वयंपाकघर, लुगडे व शेगडी या गोष्टी क्षुल्लक वाटत नाहीत. आनंदीबाईंची पत्रे पुढे ठेवून त्या लिहितात, आणि त्या पत्रांत एक विषय फिरून फिरून येतो : नेसण्याचा. आपली नऊवारी नेसण्याची तऱ्हा पोटऱ्या उघड्या टाकते, ती त्या हवेत निभणारी नाही. म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने पायघोळ नेसावयाचे ठरविले, आणि तसे गोपाळरावांस कळविले. आजच्या वाचकास यात विशेष वाटणार नाही. परंतु निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात झालेल्या भाषणात, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे या मुलीने भरसभेत सांगितले होते. थंडीला उत्तर काढावयाचे, पण ते त्या शब्दाच्या आत राहून काढावयाचे, असा तो पेच होता. बंगाली वातावरणातून आलेल्या ब्राह्मण मुलीने अमेरिकेच्या हिवाळ्याकरिता गुजराती तोडगा शोधावा, हा प्रसंग आम्हांस कोणत्याही कल्पित प्रसंगापेक्षा अधिक नाट्यमय वाटतो.

तीच गोष्ट अन्नाची. शाकाहार सोडावयाचा नाही, आणि दिवसभर अभ्यास करून स्वतःचे स्वतःच रांधावयाचे. राहत्या खोलीतील शेगडीचा धूर कोंडत असे, ती पेटवावी तर धूर व न पेटवावी तर गारठा, असेही चरित्रकार सांगतात. अर्धपोटी जेवण, धुराची खोली, अपुरे पांघरूण, अतिश्रम, आणि त्या सर्वांच्या तळाशी आधीच घर करून बसलेला रोग. याला 'हवा' म्हणावयाचे असेल, तर आमचे काही म्हणणे नाही!

श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने ही कथा घरोघरी नेली, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. गोपाळरावांचे हट्टी, विक्षिप्त व तरीही करुण चित्र त्यांनी असे उभे केले आहे की ते पुसता येत नाही. तथापि तीच त्या कादंबरीची मर्यादाही होय. सारा प्रकाश पतिपत्नींच्या झगड्यावर पडल्यामुळे नायिका जेथे खरोखर एकटी संसार मांडते, ती खोली अंधारात राहते. आम्ही कादंबरी मिटली तेव्हा गोपाळराव डोळ्यांपुढे उभे होते. फिलाडेल्फियातील त्या खोलीची खिडकी कोणीकडे होती, हे मात्र आम्हांस सांगता आले नसते.

प्रवासवर्णनांकडून तर याहून कमी मिळते. अनंत काणेकरांनी १९४० साली धुक्याला थेट शीर्षकातच मान दिला, पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने आमच्या पिढ्यान्‌पिढ्या हसविल्या. पण प्रवासी परतीचे तिकीट खिशात घालून जातो, आणि थंडी त्याच्या लेखी एक गंमत असते. बिऱ्हाड नेणाऱ्याचा प्रश्न निराळा. त्यास ओले कपडे वाळवावयाचे असतात. या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) हे पुस्तक आम्हांस सर्वांहून सरस वाटले, कारण त्यांनी अमेरिकेच्या घरगुती राहणीस स्वतंत्र प्रकरण दिले आहे. १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेस काखेस मारून जी बाई इंग्लंडास गेली, तिला घर या वस्तूकडे कसे पाहावे हे सांगावे लागत नाही.

याच्या उलट दिशेचे स्थलांतर तर आमच्या दारातच घडले, आणि त्यावर मराठीत काही भरीव लिहिलेले आमच्या वाचनात नाही. गोठणगावानजीक १९७२ च्या सुमारास तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. तो भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ पासून तो गोंदियात मोडतो. हिमपठारावरील कुटुंबांनी आमचा पहिला नवतपा कसा काढला असेल? त्यांच्या आज्यांनीही 'इकडली हवा मानवायची नाही' असेच म्हटले असेल काय? आज हिवाळा आला की नागपुरात तिबेटी विक्रेत्यांची दुकाने लागतात, आणि आम्ही उन्हाळ्यातली माणसे त्यांच्याकडून लोकर विकत घेतो. बंधूंच्या मुलांचे पहिले जाड स्वेटर तेथूनच आले.

गॉलवेविषयी मातोश्रींचे समाधान करण्याकरिता आम्ही जे वाचले, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली की, तेथील थंडी ही मुळी त्यांच्या मनातली थंडी नव्हेच. गाव ५३ अक्षांशांवर आहे. त्याच अक्षांशावरील लॅब्राडोरचा किनारा हिवाळ्यात गोठतो, पण अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे गॉलवेचे जानेवारीतील सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास राहते. बर्फ क्वचित. पाऊस वर्षाकाठी आमच्या भंडाऱ्याहून थोडा कमीच भरतो. मात्र आमचा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, आणि तेथला बारा महिने रेंगाळतो. भिंतींस ओल येते, घरात वाळत घातलेल्या कपड्यांनी बुरशी धरते. डिसेंबरातला दिवस साडेसात तासांचा. आमचा लहानात लहान दिवसही पावणेअकरा तासांखाली जात नाही. सावळ्या कातडीच्या मुलांस त्या अंधुक महिन्यांत सूर्यापासून डी जीवनसत्त्व मिळत नाही, ते औषधाच्या थेंबांनी द्यावे लागते. अशा घरास उबेइतकीच वारा खेळण्याचीही गरज असते, हे ज्यास माहीत नाही तो खिडक्या घट्ट लावून घेतो व खोकला विकत घेतो.

मातोश्रींनी हे सर्व ऐकून घेतले. त्यांस हवेचे शास्त्र अवगत नाही असे मात्र कोणी समजू नये. खिशात कांदा, डोक्यास ओला दुपट्टा, कैरीचे पन्हे, रात्री अंगणात बाज, कोणत्या वेळी कोणती खिडकी उघडावी व कोणती झाकावी, हे सारे त्यांनी कोणत्याही ग्रंथावाचून आयुष्यभर चालविले आहे. ऊन लागून माणसे आमच्याकडेही मरतात. पण त्यास कोणी हवा मानवली नाही असे म्हणत नाही. बाहेर निघताना डोके बांधले नव्हते, पाणी प्यायला नव्हता, असेच म्हणतात. आपल्या उन्हाविषयी ज्या नेमकेपणाने आपण बोलतो, तो नेमकेपणा आमच्या चरित्रकारांनी परक्या थंडीविषयी दाखविला असता तर आनंदीबाईंची कथा निराळी वाचली गेली असती. ते न झाल्यामुळे शंभराहून अधिक वर्षे ती कथा मुलींस घरी ठेवण्याकरिता उपयोगात आणली गेली. आमच्या आतेबहिणीचे परदेशी शिक्षण याच दाखल्यावर मोडले, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

बंधू जाऊन आता काही महिने लोटले. भावजय आठवड्यातून एकदा मातोश्रींस लांबलचक पत्र लिहिते. त्यात निसर्गवर्णन अजिबात नसते. चिन्नोर तांदळास तेथल्या पाण्यात किती वेळ लागतो, धुणे कोणत्या खोलीत वाळते, धाकटा शाळेतून अंधारात परत येताना कोणास भितो, असे मजकूर असतात. मातोश्री ती पत्रे एका डब्यात ठेवतात. परवा त्यांनी एक पत्र आम्हांस वाचावयास दिले, आणि वाचून होताच ते परत मागून घेतले.