शाईचा जाड थर

हळदीच्या पोत्यावर व्यापाऱ्याचा मार्का उमटवायची मोंढ्यातली जुनी रीत म्हणजे कोरलेला पत्रा आणि ब्रश. तिची अडचण देवनागरी लगेच उघडी पाडते. पत्र्यात 'हळद' कोरायला घ्या, 'ळ'च्या दोन्ही पोटांतला पत्रा गळून पडतो. तो धरून ठेवायला मध्ये पट्ट्या सोडाव्या लागतात आणि अक्षर तुटकं दिसतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये पोटातला तुकडा जाळीलाच चिकटून राहतो, पट्टीची गरज उरत नाही. १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने ताणलेल्या रेशमी कापडातून छापण्याचं पेटंट घेतलं. रेशमाच्या जागी आता पॉलिएस्टर आलं, बाकी तत्त्व तेच आहे.

चौकटीवर जाळी ताणायची, अंधाऱ्या खोलीत तिच्यावर इमल्शनचा हात द्यायचा, वाळल्यावर ट्रेसिंग पेपरवरचं काळं डिझाइन चिकटवून दिवा लावायचा. उजेड लागतो तिथलं इमल्शन घट्ट होतं, काळ्याखालचं पाण्याने धुऊन जातं आणि तेवढीच जाळी मोकळी होते. मग शाई घालून रबरी स्क्विजी ओढायची. कसब इथेच लागतं. जाळी वस्तूपासून दोन-चार मिलिमीटर वर असायला हवी, म्हणजे स्क्विजीखाली ती टेकते आणि मागोमाग सुटते. सुटली नाही की कडा पसरतात. कापडाला सेंटीमीटरमागे चाळीसेक धाग्यांची विरळ जाळी चालते, बारीक अक्षराला शंभराच्या वर धागे हवेत. जितके रंग तितक्या चौकटी, आणि दुसरा रंग पहिल्याशी जुळला नाही तर गणपतीच्या सोंडेला दोन कडा येतात.

रंग वाढवला की खर्च वाढतो, म्हणून छापणारा दोन रंगांत विचार करायचा. लग्नपत्रिकेवरचा लाल आणि सोनेरी, प्रचाराच्या कापडी फलकावरचा एकच ठळक निळा किंवा भगवा. या काटकसरीतून नजर घडत होती. फ्लेक्स आला आणि रंग फुकट झाले. तालुक्याच्या चौकात आज वीस चेहरे, पाच छटा आणि आठ प्रकारची अक्षरं एकाच फलकावर असतात, आणि वाचता काहीच येत नाही. पत्रिका मोबाइलवर गेली. तरी दोष सगळा यंत्राचा नाही. तयार पत्रिका मागवून तिच्यावर फक्त नावं छापून देण्याची सवय आमच्या छापखान्यांनी फ्लेक्सच्या आधीच लावून घेतली होती. रचना करणं त्यांनी स्वतःच सोडलं. आणि थिनरच्या वासात उघड्या हातांनी काम करणं याला अजूनही मेहनत म्हणतात, हे वेगळंच दुखणं.

कारखान्यात मात्र हीच कला जोरात आहे, फक्त तिला कुणी कला म्हणत नाही. ऑफसेटच्या शाईचा थर जेमतेम १-२ मायक्रॉनचा, तर स्क्रीनचा दहा मायक्रॉनपासून शंभरापर्यंत जाऊ शकतो. वस्तूही सपाट कागदच असली पाहिजे असं नाही. त्यामुळे वाळूज, चाकणच्या वाहन उद्योगाला लागणारे स्टिकर, मीटरच्या तबकड्या, गाडीच्या मागच्या काचेवरच्या तापणाऱ्या रेषा, काचेच्या बाटल्या, रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्या अशा कामांत स्क्रीन लागतो. सर्वांत बारीक काम सौर पॅनेलमध्ये सापडतं. सिलिकॉनच्या चकतीवर चांदीच्या पेस्टने केसाहून बारीक रेषा छापतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. सेलमधली वीज त्या रेषाच गोळा करतात. हिंगोली जिल्ह्यातल्या ज्या शेतावर सौर पंप आहे, तिथे स्क्रीन प्रिंटिंगचा उत्तम नमुना उन्हात उभा आहे.

तेव्हा ही कला संपली म्हणणं चूक आहे. कागदावरची तिची सद्दी संपली, एवढंच खरं. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर पिशव्यांचं काम आलं, पण त्यातही बरंचसं नॉन-वोव्हनवर गेलं, जे मुळात प्लास्टिकच. सुती कापड ही या छपाईची खरी जागा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उत्पादक गटांनी आता हळकुंडांसाठी अर्ध्या किलोची सुती पिशवी शिवून घ्यावी आणि ती बाहेरगावी न पाठवता इथल्याच छापणाऱ्याकडून दोन रंगांत छापून घ्यावी. 'ळ' अखंड उमटवणं त्याला जमतं.