ठुमरीतील शब्द आणि मराठी गळा : एका मैफलीच्या निमित्ताने

गेल्या महिन्यात येथील एका वाचनालयाच्या सभागृहात ठुमरी-दादऱ्याची मैफल झाली. निमंत्रणपत्रिकेत तिला ‘शृंगारगीतांची बैठक’ असे म्हटले होते, व ते नाव अयथार्थ नव्हते. गायिका मराठीभाषक, तालीम मुख्यत्वे ख्यालाची. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण प्रस्तुत लेख हा त्या मैफलीचा वृत्तांत नव्हे. त्या बैठकीत एक प्रश्न उपस्थित झाला; तो एकट्या त्यांचा नसून महाराष्ट्रात ठुमरी गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

गायनाच्या गुणवत्तेविषयी प्रथमच सांगितले पाहिजे. खमाजातील दीपचंदीची ठुमरी त्यांनी पाऊण तास मांडली आणि त्या अवधीत एकही स्वर सैल पडला नाही. कोमल निषादावरून धैवतावर येताना त्या जो क्षणभर रेंगाळत, तो केवळ अभ्यासाने साधणारा नव्हे. पिलूत अन्य रागांच्या छाया आणून पुन्हा मूळ ठिकाणी परतणे निर्दोष होते. गाऱ्यातील दादरा चांगला झाला. लग्गीच्या वेळी तबलजींनी जरा अधिकच जागा घेतली, परंतु श्रोत्यांना ते आवडले. असे असूनही पहिल्या दीड तासात एक उणीव जाणवत राहिली. स्वर प्रेमाचे होते. बोलणारे मात्र कोणी नव्हते.

बोलबनावाची ठुमरी म्हणजे शब्दांना निमित्त करून केलेला स्वरविस्तार, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः त्यात एकच वाक्य अनेकदा उच्चारले जाते आणि प्रत्येक वेळी ते वेगळे वाक्य होते : एकदा विनवणी, एकदा तक्रार, एकदा लटका राग, एकदा केवळ थकवा. शब्द तेच, अर्थ निराळा. आपल्या शास्त्रकारांनी यास काकु म्हटले आहे. भरताने नाट्यशास्त्रात साकांक्ष आणि निराकांक्ष असे काकूचे दोन प्रकार मानले. ज्या उच्चाराने अर्थ पुरा न होता अपेक्षा उरते तो साकांक्ष, अर्थ पुरा होतो तो निराकांक्ष. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात काकूचे सहा प्रकार सांगितले, परंतु ते स्वरछायेचे व रागछायेचे आहेत. ठुमरीच्या विचारास भरताचा भेद अधिक उपयोगी पडतो, कारण ठुमरी ही गायनाइतकीच संभाषणाची कला आहे.

आता एक लहानसे उदाहरण. ब्रज व अवधीत निषेध क्रियापदाच्या आधी येतो. ‘ना’, ‘मत’, पूर्वेकडे ‘जिन’ किंवा ‘जनि’. मराठीत आज्ञार्थी निषेध क्रियापदानंतर येतो : ‘जाऊ नका’, ‘बोलू नको’. व्याकरणाच्या वर्गात हा भेद एका ओळीत संपतो, पण गाताना त्याचे परिणाम फार दूरवर जातात. ‘ना’ आधी उच्चारला की नकार कळला; कशास नकार हे अजून कळलेले नाही. स्पर्शास, बोलण्यास, जाण्यास, की काहीच नाही आणि नुसतेच ‘ना’? पूरब अंगाच्या जाणत्या गायिका या एका अक्षरावर थांबतात, त्याला वळवतात, ते अर्धवट सोडतात. तेथे साकांक्ष काकूला सबंध मोकळे रान असते. आमच्या गायिकेने ‘ना’ प्रत्येक वेळी समेआधीच्या उडीसारखा घेतला आणि क्रियापदाच्या दीर्घ स्वरावर विस्तार केला. त्याचे कारण मराठी कानास ठाऊक आहे : आपल्या भाषेत वाक्याच्या आरंभीच्या ‘ना’वर भार ठेवण्याची सवयच नाही. स्वर चुकला नाही, वाक्य चुकले.

दुसरे उदाहरण प्रत्ययांचे. सजनवा, नजरिया, ननदिया ही रूपे आपण ठुमरीची लाडिक भाषा म्हणून ऐकतो. परंतु पूर्वेकडील बोलींत नामाची लघु, दीर्घ आणि अतिदीर्घ अशी रूपे नित्याच्या बोलण्यातही असतात, आणि ‘-वा’ किंवा ‘-इया’ लावल्याने जवळीक, परिचय, प्रसंगी तुच्छताही व्यक्त होते. म्हणजे हा अलंकार नसून बोलणाऱ्याचे ऐकणाऱ्याशी असलेले नाते सांगणारे व्याकरण आहे. योगायोग असा की, त्याच प्रत्ययामुळे शब्दाच्या शेवटी एक विवृत ‘आ’ मिळतो आणि गळ्याला पसरावयास जागा मिळते. मराठी गायकास ही जागा तत्काळ दिसते. नाते दिसत नाही. ‘सोनुला’ म्हणताना आपला आवाज आपोआप बदलतो, तसा ‘-वा’ म्हणताना बदलत नाही. मैफलीत वाटलेल्या पत्रकात तर ‘ननदिया’चे ‘नणदिया’ झाले होते. छापणाऱ्यास आपली नणंद आठवली असावी! ब्रज-अवधीत मूर्धन्य ‘ण’चा ‘न’ होतो हे त्याला कोण सांगणार? तथापि नणंदेचा जाच दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे अर्थाची हानी झाली नाही.

केवळ उच्चारशुद्धीचा आग्रह धरावा असे येथे सुचवायचे नाही. दोनदा ‘जा’ हा आपल्या दन्त्य ‘ज’ने उच्चारला गेला, ते कानास खटकले, पण असे दोष सहज सुधारतात. ‘नैन’मधील ‘ऐ’ मराठी माणूस ‘अइ’सारखा उच्चारतो म्हणून त्याला हिणवले जाते, प्रत्यक्षात पूर्वेकडील उच्चार त्याच्याजवळचाच आहे. अनुनासिकाची गोष्ट अधिक गंभीर. प्रमाण मराठीच्या बोलण्यातून ते केव्हाच गेले होते, १९६२च्या लेखननियमांनी ते लेखनातूनही गेले. ‘सैयाँ’मधील नासिक्य स्वर त्यामुळे आपल्याला परका झाला आहे, आणि तो सुटला की त्या संबोधनातील आर्जवही अर्धे सुटते.

ठुमरीत शब्दाला एवढे महत्त्व कशाला, असा आक्षेप येईल आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा (१८७२–१९३७) दाखला दिला जाईल. त्यांच्या ठुमरीत शब्द स्वरात विरघळून जातात, हे खरे. पण ते कैरान्याचे. तो खडी बोलीचा प्रदेश, आणि ब्रज तेथून फार दूर नाही. त्यांनी शब्द विरघळवला तो हाती असलेला शब्द होता. मिरजेत राहून त्यांनी ज्या महाराष्ट्राला वेड लावले, त्याने त्यांची ही निवड नियम म्हणून उचलली. जे त्यांनी सोडले ते आपल्याजवळ मुळात नव्हतेच. उलट बाजूने, ठुमरीची वाणी पूर्वेत जन्मलेल्यांनाच साधते असेही नाही. शोभा गुर्टू (१९२५–२००४) यांचा जन्म बेळगावचा; त्यांच्या दादऱ्यात शब्द किती बोलका होता, हे त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही सांगतात.

या सर्वाचा उलगडा मैफलीच्या अखेरीस झाला. भैरवीआधी कोणीतरी बैठकीच्या लावणीची फर्माईश केली. गायिका थोड्या संकोचल्या, मग बसल्या बसल्या त्यांनी एक जुनी लावणी घेतली. त्यात ‘जाऊ नका’ अशा धाटणीचे एक वाक्य होते. त्यांनी ‘जाऊ’ म्हटले आणि थांबल्या. मराठीत ‘जाऊ’नंतर ‘नका’ही येऊ शकते आणि ‘द्या’ही. त्या अर्ध्या मात्रेत सभागृह निश्चल झाले. मग ‘नका’ आले, तेही आज्ञेसारखे नव्हे तर हरल्यासारखे. दुसऱ्या वेळी त्याच ठिकाणी त्या किंचित हसल्या आणि तेच वाक्य थट्टा झाले. साकांक्ष काकु त्यांना कोणी शिकवली नव्हती, भाषेने दिली होती. ठुमरीत जे दीड तास शोधत होतो ते येथे न शोधता मिळाले.

मैफलीनंतर त्यांच्याशी बोलताना कळले की, ठुमरीचे शब्द त्यांनी गुरूंच्या वहीतून उतरवून घेतले. अर्थ साधारण ठाऊक होता, पण शब्दाशब्दाचा कधी विचारला नाही, आणि गुरूंनीही कधी सांगितला नाही. त्यांनी पत्रकाच्या मागे तीन शब्द लिहून मला अर्थ विचारला. दोन सांगता आले. तिसऱ्यासाठी हिंदी विभागातील अवधीभाषक सहकाऱ्यांकडे जावे लागले, आणि त्यांनी तो अर्थ सांगण्याआधी ते वाक्य तीन निरनिराळ्या स्वरांत बोलून दाखविले. पुढच्या महिन्यात गायिका आपली वही घेऊन विभागात येणार आहेत.