कोसळलेल्या कर्नलचा तपास आणि लायन्स यांचे पुस्तक

संगणक मध्येच थांबतो, पडदा निळा होतो आणि 'ड्रायव्हरमध्ये दोष' एवढेच आपल्या कानावर येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्राममुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच बंद पडले. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात चालतो, आणि गाभ्यातली चूक सगळे यंत्र खाली आणते. ड्रायव्हर म्हणजे काय हे विद्यार्थी पाठ करतात. त्यातला दोष शोधायचा कसा, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी दाखवते.

हे शिकवण्याच्या सर्वांत जवळ जाणारे माझ्या माहितीतले पुस्तक बरेच जुने आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवणाऱ्या जॉन लायन्स यांनी ते १९७७ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केले. एका खंडात युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नलचा सुमारे ९,००० ओळींचा मजकूर, तर दुसऱ्यात त्यावरचे विवरण. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने हा मजकूर वर्गात शिकवण्यास मनाई केली आणि पुस्तक झेरॉक्स प्रतींवर जगले. रीतसर छापून ते १९९६ मध्ये आले.

त्यातला डिस्कचा ड्रायव्हर पाहा. जेमतेम एका बैठकीत वाचून होईल एवढाच तो आहे. डिस्क संथ असल्याने तिच्याकडच्या मागण्या रांगेत उभ्या राहतात. प्रत्येक मागणी म्हणजे एक बफर, आणि 'माझ्या मागे कोण' हे सांगणारा एक दुवा त्यात असतो. एक काम पुरे झाले की डिस्क प्रोसेसरला व्यत्ययाचा इशारा देते. प्रोसेसर हातातले काम तसेच ठेवून पहिला बफर रांगेतून काढतो आणि पुढची मागणी सुरू करतो. म्हणूनच रांगेत नवी मागणी जोडण्यापूर्वी ड्रायव्हर प्रोसेसरची अग्रता पाचव्या पातळीवर नेतो. जोडणी संपेपर्यंत डिस्कचा इशारा दाराबाहेर थांबतो.

समजा, अग्रता वाढवणारी ती एकच ओळ राहून गेली. रांगेत फक्त 'अ' आहे आणि 'ब' जोडायचा आहे. ड्रायव्हर पाहतो: रांग रिकामी नाही, तेव्हा 'ब'ला 'अ'च्या मागे लावू. नेमका याच क्षणी इशारा येतो. 'अ' रांगेतून निघतो आणि रांग रिकामी होते. 'अ'ची वाट कोणी पाहत नसेल तर तो मोकळ्या बफरांच्या यादीत जातो, आणि त्या यादीतही तोच दुवा वापरला जातो. प्रोसेसर मूळ कामाकडे परततो व मघाशी ठरवल्याप्रमाणे 'अ'च्या दुव्यात 'ब'चा पत्ता लिहितो.

आता परिणाम पाहा. 'ब' डिस्कच्या रांगेत नाहीच, त्यामुळे त्याची वाट पाहणारा प्रोग्राम कायमचा झोपतो. बाकीचे यंत्र मात्र चालू राहते. मोकळ्या यादीत लगेच दुसरा बफर परत आला तर बिघडलेला दुवा आपोआप दुरुस्त होऊन जातो. पण कामाचा ताण असेल आणि एकूण १५ बफरांपैकी जवळजवळ सगळे गुंतलेले असतील, तर वापरात असलेला 'ब' मोकळा समजून दुसऱ्याला दिला जातो. त्यानंतर कर्नल स्मृतीच्या शून्य पत्त्याजवळ, जिथे व्यत्ययांचे पत्ते ठेवलेले असतात तिथे, लिहू लागतो. यंत्र कोसळते ते बफर वाटणाऱ्या निर्दोष भागात, चुकीनंतर बऱ्याच वेळाने. आणि तोच प्रयोग पुन्हा केला तर कदाचित कोसळतही नाही.

एवढा विचार कागद-पेन्सिलीने करता येतो, हे या पुस्तकाचे मोठेपण आहे. मजकूर पूर्ण आहे आणि एका माणसाच्या डोक्यात मावतो. शिवाय लायन्स वाचकाला भीती घालत नाहीत.

तरीही उणीव आहे. पुस्तक निरोगी कर्नलचे आहे. त्यात शरीररचना आहे, रोगनिदान नाही. कोसळलेल्या यंत्राचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेला एकही तपास त्यात नाही. असाध्य चूक आढळल्यावर कर्नल ज्या प्रक्रियेत शिरतो ती 'पॅनिक'च घ्या. ती संदेश छापण्याआधी बफरांतला मजकूर डिस्कवर उतरवू पाहते. म्हणजे संशय ज्या ड्रायव्हरवर आहे, त्याच्याच हाती शेवटचे दप्तर सोपवते! तपासाच्या दृष्टीने हा केवढा धोका! पण अशा प्रश्नांकडे वाचकाने स्वतःच यायचे असते, आणि नवखा वाचक येत नाही. दुसरे असे की, पीडीपी-११ यंत्राचा परिचय नसलेल्या वाचकाला पहिली काही पाने फारच जड जातात.

ही उणीव शिक्षक भरून काढू शकतात, आणि त्यासाठी कर्नलच हवा असे नाही. वीस ओळींचा चालता प्रोग्राम फळ्यावर लिहा. एक ओळ पुसा. मग 'हा चालेल का?' असे न विचारता 'चूक कुठे दिसेल, केव्हा दिसेल आणि केव्हा दिसणारच नाही?' असे विचारा. आपण मुलांना प्रोग्राम लिहायला लावतो, पण दुसऱ्याने लिहिलेला वाचायला क्वचितच देतो. मग यंत्र जिथे पडले तिथेच ती चूक शोधत बसतात. प्रत्येक पायरीवर काय खरे असायला हवे होते आणि ते कुठपर्यंत खरे होते, असे मागे मागे जाणे ही दोष शोधण्याची रीत आहे. प्रयोगशाळेतही याहून वेगळी रीत नाही.

परवान्याच्या भिंतीमुळे वीस वर्षे हे पुस्तक हातोहात लपतछपत फिरले. २००२ पासून युनिक्सच्या त्या जुन्या आवृत्त्यांचा मजकूर मोकळा झाला आहे. आता अडचण फक्त तो उघडून बसण्याची आहे.