स्ट्रेच गोलचा सिद्धांत जव्हार-मोखाड्यात टिकतो का?

सिटकिन आणि सहकाऱ्यांचा २०११ चा लेख तुमच्या वाचनयादीत कधी ना कधी येणारच. अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट रिव्ह्यूमधला, स्ट्रेच गोलच्या विरोधाभासावरचा. स्ट्रेच गोल म्हणजे आजच्या क्षमतेत जवळजवळ अशक्य वाटणारं उद्दिष्ट. ज्या संस्थेची अलीकडची कामगिरी चांगली आहे आणि हाताशी थोडी साधनं शिल्लक आहेत, तिला ते पेलतं. तिथे माणसं प्रयोग करतात, शिकतात. पण असली उद्दिष्टं घेतात बहुधा अडचणीत आलेल्याच संस्था. युक्तिवाद झकास आहे. फक्त हा सैद्धांतिक लेख आहे, तेव्हा प्रबंधात 'असं सिद्ध झालंय' लिहू नका. आणि तो संस्थेबद्दल बोलतो. आपण तो सर्रास टीमवर चिकटवतो, तिथे माझं भांडण आहे.

जव्हार-मोखाड्याचंच बघा. १९९२-९३ मधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंपासून हा भाग कुपोषणासाठी ओळखला जातो. २०१८ मध्ये पोषण अभियान आलं. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचं देशातलं प्रमाण २०२२ पर्यंत ३८.४ वरून २५ टक्क्यांवर आणायचं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते ३५.५ निघालं, महाराष्ट्रात तर ३४.४ चं ३५.२ झालं.

उद्दिष्ट हुकलं, हा माझा मुद्दा नाही. पाड्यावरची टीम म्हणजे सेविका, मदतनीस, आशा, एएनएम. शिल्लक साधनं सोडाच, ज्या आकड्यावर कामाचा हिशेब होतो तो आकडाही ह्याच बायका वजनकाट्यावर तयार करतात. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, सोबत मुलंही. नोंदवहीतले कुपोषित कमी होतात, कुणी काही न शिकता. पावसाळ्याआधी लोक परततात. एखादी सेविका घरोघर फिरून ती मुलं शोधते, काट्यावर घेते, आणि आकडा चढतो. खरं शिकणं हेच. आढावा बैठकीत चढलेल्या आकड्याचाच जाब विचारला, तर पुढच्या वर्षी ती इतकं का शोधेल?

म्हणून माझ्या आराखड्यात कुपोषितांचा आकडा हे परिणामचल नाहीच. परतलेल्या किती मुलांचं वजन पंधरा दिवसांत झालं, ते मी मोजणार आहे. गाइड म्हणतात, हे शिकणं नव्हे, ही हजेरी झाली. त्यावर अजून उत्तर सुचलेलं नाही. तुम्ही काय मोजलं असतं?