‘टेपरेकॉर्डर’ म्हणून हिणवलेले बोलणे : टेम्पल ग्रँडिन यांच्या आत्मकथनातील शाळा

टेम्पल ग्रँडिन यांचे ‘इमर्जन्स : लेबल्ड ऑटिस्टिक’ हे आत्मकथन मार्गारेट स्कॅरियानो यांच्या सहकार्याने १९८६ साली प्रसिद्ध झाले. स्वमग्न व्यक्तीने आपले जगणे आपल्याच शब्दांत मांडलेल्या आरंभीच्या ग्रंथांपैकी हा एक होय. त्याची चर्चा बहुधा लेखिकेच्या पुढील कर्तृत्वाच्या, म्हणजे गुरांसाठी तिने केलेल्या यंत्ररचनांच्या अंगाने होत आली. मिक जॅक्सन दिग्दर्शित २०१० च्या चित्रपटानेही प्रामुख्याने हाच धागा पुढे नेला. प्रस्तुत लेखात मात्र या ग्रंथातील शाळेचा विचार करावयाचा आहे आणि तोही एका मर्यादित प्रश्नापुरता : वर्गाची घडी विस्कटणारे बोलणे शाळेच्या कानी कोणत्या रूपात पडते?

१९४७ साली बोस्टन येथे जन्मलेल्या ग्रँडिन यांना वयाच्या साडेतीन-चार वर्षांपर्यंत बोलता येत नव्हते. पुढे वाचा आली ती मात्र थांबेना. तेच वाक्य, तोच प्रश्न, त्याच विषयावरील अखंड बोलणे यामुळे सोबतच्या मुलांनी त्यांना ‘टेपरेकॉर्डर’ असे नाव ठेवले. ज्या मुलीच्या बोलण्याची घरच्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिचे बोलणेच शाळेत तिचा दोष ठरले. वयाच्या चौदाव्या वर्षी मतिमंद म्हणून चिडवणाऱ्या एका मुलीच्या अंगावर त्यांनी पुस्तक फेकले आणि शाळेने त्यांना काढून टाकले. निर्णय झाला तो फेकलेल्या पुस्तकावर. त्याआधी उच्चारलेला शब्दही वर्गातीलच होता, पण शांत स्वरात उच्चारलेला अपमान शाळेला बेशिस्त वाटत नाही. शाळेची शिस्त शब्दाचा आशय न पाहता त्याचा आवाज मोजते, हे या प्रसंगातून जितके उघड होते तितके ग्रंथात अन्यत्र क्वचितच होते.

असे बोलणे निरर्थक नसते, हे लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या मूळ निबंधातच दिसून येते. त्यांनी वर्णिलेल्या अकरा मुलांपैकी डोनाल्ड या मुलाला वडिलांनी ‘हो’ म्हणावयास शिकवले ते खांद्यावर बसवण्याचे आमिष दाखवून. पुढे दीर्घकाळ त्याच्या ‘हो’चा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ असाच राहिला. अशा मुलाने वर्गात भलत्याच वेळी ‘हो’ म्हटले तर शिक्षकाला तो चेष्टा करीत आहे असे वाटेल. प्रत्यक्षात तो काहीतरी मागत असेल. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डचन यांनी १९८१ साली, ऐकलेले वाक्य लगेच परत उच्चारण्याच्या सवयीची, म्हणजे एकोलेलियाची, सात कार्ये दाखवून दिली. त्यांत संभाषणातील आपली पाळी सांभाळणे, होकार देणे, मागणी करणे आणि स्वतःच्या कृतीला आवर घालणे यांचा समावेश आहे. या शेवटच्या कार्याकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. ‘बोलू नको’ असे पुटपुटणारा मूल शिस्त मोडत नसून ती पाळण्याचा यत्न करीत असण्याची शक्यता असते.

मराठी वर्गात या प्रश्नाला आणखी एक पदर येतो. शिक्षकाने ‘गप्प बस’ म्हणावे आणि मुलाने तेच शब्द त्याच सुरात परत करावेत, ही इंग्रजीत फार तर नक्कल ठरेल. आपल्याकडे मात्र ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर क्रियापदातच रुजलेले असल्यामुळे ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परतवणारा मुलगा नकळत गुरुजींना एकेरीवर आणतो. ‘आगाऊ’, ‘उद्धट’, ‘वर तोंड करून बोलणारा’ ही विशेषणे त्याला तत्काळ चिकटतात. इंग्रजी ग्रंथांच्या आधारे तयार झालेल्या आपल्या शिक्षक-प्रशिक्षणात सर्वनामांच्या उलटापालटीचा उल्लेख येतो. आदरार्थी रूपांचा हा मराठी पेच त्यात सहसा येत नाही. मराठी भाषेच्या अध्यापकांनीच हा विषय हाती घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

ग्रँडिन यांना पुढे न्यू हॅम्पशायरमधील एका निवासी शाळेत पाठविण्यात आले. तेथेही चिडवणे आणि मारामाऱ्या झाल्याच. परंतु शिक्षा म्हणून काही काळ घोड्यावर बसणे बंद झाले, शाळा तुटली नाही. विल्यम कार्लॉक या विज्ञानशिक्षकांनी तर तिच्या एकाच विषयाभोवती फिरणाऱ्या बोलण्याला विरोध न करता, गुरांना आवळून धरणाऱ्या पिंजऱ्याने मनाला शांतता का लाभते हे शास्त्रीय लेखनात शोधण्यास तिला प्रवृत्त केले. हा भाग ग्रंथाचा प्राण मानला जातो, आणि तो हृद्य आहे यात शंका नाही. तथापि येथेच या आत्मकथनाची मर्यादाही जाणवते. त्रासदायक बोलण्याला क्षमा मिळते ती ते विज्ञानाच्या उपयोगी पडल्यावर. ज्या मुलाच्या पुनरुक्तीतून यंत्र निघणार नाही, केवळ बसचे क्रमांक किंवा जाहिरातीतील एखादी ओळच निघत राहील, त्याने वर्गात कोणत्या अधिकाराने बसावे, याचे उत्तर ही यशोगाथा देत नाही. तशी अपेक्षा एका व्यक्तीच्या चरित्राकडून करणे अन्यायाचे होईल. पण या ग्रंथाचा दाखला देणाऱ्या समीक्षकांकडून ती अवश्य करावी लागेल.

ग्रँडिन यांना काढून टाकण्यात आले तेव्हा अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा १९७५ चा कायदा अस्तित्वात नव्हता. १९८८ च्या ‘होनिग विरुद्ध डो’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, अपंगत्वातून उद्भवलेल्या वर्तनासाठी शाळेला परस्पर मुलाला बाहेर ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. आज तेथे शिस्तभंगाखातर मुलाचे स्थान बदलावयाचे ठरल्यास, ते वर्तन अपंगत्वामुळे घडले काय याची छाननी १० शालेय दिवसांच्या आत करावी लागते. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. तो २०१६ च्या कायद्यात झाला. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई करते. मात्र या तरतुदींचा भंग न करताही मूल बाहेर जाऊ शकते. पालकांना वारंवार बोलावून ‘याच्यासाठी दुसरी शाळा पाहा’ असे सौम्यपणे सुचवले की काही दिवसांनी पालकच अर्ज करतात. दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढीच नोंद होते.