गड आणि वाट : आमच्या डोंगरयात्रांच्या वाङ्मयाविषयीं कांहीं विचार

इ. स. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा दुर्गांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे त्यांतले अकरा महाराष्ट्राचे, आणि बारावा तामिळनाडूंतील जिंजी. या वार्तेनें मराठी घरांत आनंद झाला, व तो योग्यच होय. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकास या निमित्तानें एक निराळा प्रश्न सुचतो. गडांचा मान झाला. पण ज्या वाटांच्या रक्षणासाठीं यांतले कित्येक गड उभे राहिले, त्या वाटांचें आपल्या साहित्यांत स्थान कोणतें? आमच्या मतें तें फारच थोडें आहे. आणि म्हणूनच आमचें डोंगरयात्रांचें वाङ्मय विपुल असूनही एकसुरी झालें आहे.

या वाङ्मयाचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. लेखक व त्याचे मित्र पहांटे पायथ्याच्या गांवीं पोंचतात. चढणीचें वर्णन अर्ध्या पानांत संपतें, व त्यांत घाम, धाप, निसरडी माती आणि पाठीवरचें ओझें यांखेरीज कांहीं नसतें. मग महाद्वार येतें आणि लेखणीला एकदम वाचा फुटते : इतिहास, स्वाभिमान, अश्रु, सूर्यास्त, आणि शेवटीं ढांसळलेल्या बुरुजांविषयीं हळहळ. वाट ही जणूं गडाची प्रस्तावना. आणि प्रस्तावना वाचण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. याला अपवाद आहेत, पण ते अपवादच.

हा साचा कसा बनला हें समजून घेतलें म्हणजे त्याचा राग येत नाहीं. चिंतामण गंगाधर गोगटे यांनीं ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ हें पुस्तक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सिद्ध केलें, तेव्हां देश परतंत्र होता. गेलेल्या स्वराज्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे हे किल्ले. त्यांची माहिती गोळा करणें हेंच एक राष्ट्रकार्य होतें. त्याच्या आधींच्या पिढींत कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं मुंबई इलाख्याचें गॅझेटियर तयार झालें होतें. त्याच्या जिल्हावार खंडांत घाटांच्या याद्या आहेत. कोणत्या घाटानें लादलेले बैल जातात व कोणत्या घाटानें केवळ माणूस जाऊं शकतो, याची रुक्ष पण उपयुक्त नोंद आहे. परक्या अंमलदारास वाट दिसली, कारण त्याचें लक्ष माल, महसूल व फौज यांवर होतें. आमच्या लेखकास गड दिसला, कारण त्याचें मन गेलेल्या राज्यांत गुंतलें होतें. दोघांचीही दृष्टि आपापल्या गरजेनें घडली. पण गरज सरल्यावरही साचा तसाच राहिला, एवढीच आमची तक्रार आहे.

कै. गो. नी. दांडेकर यांचें नांव घेतल्यावांचून हा विषय पुढें नेतां येत नाहीं. त्यांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’नें कित्येक तरुणांना घराबाहेर काढून डोंगरांत नेलें, हें ऋण कोणीही नाकारणार नाहीं. त्यांचें गडप्रेम उसनें नव्हतें, व गडाखालच्या माणसांविषयींचा त्यांचा लोभही तितकाच खरा होता. ‘माचीवरला बुधा’ ही त्यांची कादंबरी पाहा. मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरांत परतलेल्या एका म्हाताऱ्याची ती कथा आहे. तेथें डोंगर हा पाहण्याचा विषय न राहतां राहण्याचें ठिकाण होतो. झाडें, जनावरें व पाऊस हे शेजारी होतात. दांडेकरांच्या मागून येणाऱ्या लेखकांनीं मात्र त्यांचा गहिंवर तेवढा उचलला. गहिंवर उचलणें सोपें असतें; ओळख पायांनींच मिळवावी लागते.

एका उदाहरणानें आमचें म्हणणें अधिक स्पष्ट होईल. जुन्नरहून कोंकणांत उतरणारा नाणेघाट घ्या. गडप्रेमी लेखक येथें येऊन जीवधनाचा कडा व वानरलिंगीचा सुळका पाहतो, नानाच्या आंगठ्यावर उभा राहून खालच्या कोंकणाचें वर्णन करतो, आणि परततो. वाटेनें चालणाऱ्यापुढें मात्र निराळेंच पुस्तक उघडतें. कोंकणांतून वैशाखऱ्याच्या बाजूनें चढूं लागलें म्हणजे झिजलेल्या दगडी पायऱ्या लागतात. खिंडीच्या तोंडाशीं कातळांत खोदलेली गुहा आहे, आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत सातवाहनांच्या एका राणीचा दीर्घ लेख आहे. ही राणी म्हणजे नागनिका, असें विद्वान् सामान्यतः मानतात, आणि लेखाचा काळ इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा धरतात. अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणें यांची त्यांत गणती आहे. या संख्या अंकचिन्हांनीं लिहिल्यामुळें भारतीय अंकांच्या इतिहासांतही हा लेख मोलाचा ठरला आहे. येथें राजकुलांतील व्यक्तींचे पुतळे होते. ते भंगले, वरचीं नांवें राहिलीं. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे; त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असें परंपरा सांगते.

तीच वाट पुढें जुन्नरकडे जाते. या एका गांवाच्या भोंवतालच्या डोंगरांत सुमारें दोनशें लेणीं आहेत. त्यांतील शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे व कांसार यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. इरिल नांवाचा एक यवन पाण्याचीं दोन टाकीं अर्पण करतो. लेण्याद्रीला तर एका बौद्ध विहारांतच गिरिजात्मज गणपति विराजमान आहे, व अष्टविनायकांचे यात्रेकरू त्याच्या दर्शनाला चढतात. समोर शिवनेरी. तिच्याही अंगावर बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत, आणि १६३० मध्यें शिवाजी महाराजांचा जन्म याच गडावर झाला. राणी वैदिक यज्ञांचा अभिमान सांगते, व्यापारी बुद्धाच्या संघास दान देतो, यवन तहानलेल्यांची सोय करतो, भाविक गणपतीपुढें हात जोडतो. या सर्वांस एका सूत्रांत ओंवणारी वस्तु गड नव्हे, वाट होय. कोंकणांतील बंदरें व देशावरचा बाजार यांमधील दळणवळण नसतें, तर यांपैकीं पुष्कळसें येथें उभेंच राहिलें नसतें. बोरघाटाच्या आसपासही हेंच दिसतें : राजमाची, लोहगड, विसापूर हे गड, आणि त्यांच्या सान्निध्यांत कोंडाणें, भाजें, कार्लें हीं लेणीं.

वाट वाचण्याची ही कला आपल्याकडे कोणी साधलीच नाहीं असें नाहीं. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पुण्याच्या भोंवतालचा मुलूख पायीं तुडविला, आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथांत ग्रामीण मातृदेवतांचीं स्थानें व जुन्या वाटांच्या संगमाच्या जागा यांचा संबंध दाखविला. कार्ल्याच्या चैत्याशेजारीं एकवीरा कां, हा प्रश्न त्यांच्यामुळें अर्थपूर्ण झाला. शेंदूर फांसलेला रस्त्याकडेचा धोंडाही इतिहासाचें साधन होऊं शकतो, हा त्यांचा धडा फार मोठा आहे. पण हा ग्रंथ इंग्रजींत आहे. शिवाय त्यांत धनगर, शेतकरी व भगत हे बहुधा पुरावा म्हणून येतात, माणूस म्हणून क्वचितच. शास्त्रज्ञाकडून आम्ही याहून अधिक मागणार नाहीं. मात्र ललित लेखकाचें काम नेमकें येथूनच सुरू होतें.

तें कसें करावें याचा वस्तुपाठ इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या पंढरीच्या वारीवरील लेखांत मिळतो. त्या दिंडीबरोबर चालल्या. त्यांनीं वारकऱ्यांचा आनंद पाहिला, आणि त्याच भक्तीच्या मेळ्यांत जातिपरत्वें वेगळीं राहणारीं व वेगळीं जेवणारीं माणसेंही पाहिलीं. दोन्ही गोष्टी त्यांनीं लिहिल्या. वारीचें प्रेम त्यांच्या डोळ्यांवर झापड आणीत नाहीं, आणि मनांतली खंत त्या प्रेमाला आटवीत नाहीं. देऊळ हें केवळ शेवटचें ठिकाण आहे. खरा समाज वाटेवर दिसतो, हें त्यांनीं जाणलें होतें.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें आवश्यक वाटतें. वाटेचें वेडही अंध होऊं शकतें. हिलेअर बेलॉक या इंग्रज निबंधकारानें विंचेस्टरहून कँटरबरीस जाणाऱ्या प्राचीन मार्गावर ‘दि ओल्ड रोड’ हें सुंदर पुस्तक १९०४ मध्यें लिहिलें. माती, ओढे व उतार यांवरून हरवलेला मार्ग शोधण्याची त्याची हातोटी शिकण्यासारखी आहे. पण जेथें पुरावा तुटला तेथें त्यानें कल्पनेचा सांकव घातला, आणि यात्रेकरू याच मार्गानें जात असत कीं काय, याविषयीं पुढील अभ्यासकांनीं शंका घेतल्या. आमच्याकडे तर प्रत्येक जुन्या पायरीवरून महाराजांना चालविण्याची संवय आहे. उलट, जेथें वाट हीच इतिहासाची नायिका होती, तेथेंही आम्ही घाई करतों. १६६० च्या जुलैंत महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. दर वर्षीं भर पावसांत अनेक लोक त्याच मार्गानें चालतात. पण त्या चालीचें वर्णन वाचावें, तों लेखक दोन वाक्यांत घोडखिंडीवर येऊन पोंचलेला! बाजीप्रभु व बांदलांचे मावळे यांच्या पराक्रमाचें मोल त्या रात्रीच्या चिखलाशिवाय व अंधाराशिवाय वाचकास कसें कळावें?

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे मोजणीखात्याचा दप्तर नव्हे. वाचकाला भावना हवी. आम्हांलाही हवी. पण ज्या भावनेला तपशिलाचा आधार नाहीं, ती दहाव्या गडावर पहिल्या गडासारखीच निघते. खेरीज प्रश्न केवळ रुचीचा नाहीं. बोरघाटांतून १८३० मध्यें गाडीरस्ता झाला, १८६३ मध्यें आगगाडी आली, आणि जुन्या घाटवाटांवरचे मालाचे तांडे हळूहळू ओसरले. उरल्या त्या बाजारहाटाच्या, गुराख्यांच्या आणि देवाच्या वाटा. महाशिवरात्रीला कोंकणांतून भीमाशंकरास चढून येणारे लोक आहेत, म्हणून ती वाट जिवंत आहे. मोटार देवळाच्या दारापर्यंत गेली कीं पायवाट पांच-दहा पावसाळ्यांत रानांत मिसळते. गड ढांसळला तरी त्याचे दगड शिल्लक राहतात, त्याला पुरातत्त्वखात्याची पाटी असते. वाटेला माणसांचे पाय आणि त्यांची आठवण यांखेरीज रक्षक नाहीं.

ही आठवण ज्याच्यापाशीं असते, तो आमच्या पुस्तकांत बहुधा ‘एक वाटाड्या’ एवढाच असतो. त्याला प्रत्येक झऱ्याचें, खिंडीचें, म्हसोबाचें नांव ठाऊक असतें. त्याचें नांव मात्र लेखकानें विचारलेलेंही नसतें. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर यांच्या तोंडचीं हीं स्थळनामें म्हणजे न लिहिलेले शिलालेखच होत, आणि जुनीं माणसें गेलीं म्हणजे ते पुसले जाणार आहेत. सगळे गड पालथे घालणाऱ्या लेखकापेक्षां एकच घाट दहा वेळां चढणारा, ऋतु बदलतांना तो पाहणारा, आणि वाटेंतील माणसांशीं त्यांच्या बोलींत बोलणारा लेखक आज मराठीला अधिक हवा आहे. असा ग्रंथ कोणी सिद्ध केल्यास त्याचें स्वागत करण्यास आम्ही उत्सुक आहों.