मागच्या पानावर परत, पण कुणाच्या सांगण्यावरून?

लॉगिन झालं की माणसाला तो आधी होता त्याच पानावर नेऊन सोडायचं. काम एवढंसं, म्हणून मुरलेले प्रोग्रामरही ते एका ओळीत उरकतात. आमची तक्रार आहे ती या ओळीबद्दल.

मागचं पान कोणतं, हे सर्व्हरला सांगतं कोण? एक तर ब्राउझरचा रेफरर हेडर, नाहीतर पत्त्याच्या शेपटीला जोडलेला 'नेक्स्ट'. दोन्ही बाहेरून आलेले. हेडर तर कधीकधी येतच नाही. रेल्स 5 मध्ये परतीसाठी पर्यायी पान देणं सक्तीचं झालं ते म्हणूनच, आणि ते बरंच झालं. (या हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'आर' 1996 च्या दस्तऐवजात गळलेला आहे, तो अजून कुणी परत बसवलेला नाही.)

खरा घोळ 'नेक्स्ट'चा. समजा बँकेच्या ग्राहकाला एसएमएसवर लिंक आली. डोमेन बँकेचंच, स्पेलिंगही बरोबर. फक्त शेपटीला भामट्याचा पत्ता. ग्राहक खऱ्या पानावर खरा पासवर्ड टाकतो, आणि बँकेचा सर्व्हरच त्याला हाताला धरून हुबेहूब नकली पानावर नेतो. तिथे लिहिलेलं असतं, 'पासवर्ड चुकला, पुन्हा टाका'. आता सांगा, 'पत्ता नीट बघून घ्या' हा आपला नेहमीचा उपदेश त्याने पाळला नव्हता का? पाळला होता हो!

यावर सांगितलं जातं, पत्ता तिरक्या रेघेने सुरू होतो ना, मग तो आपल्याच साइटचा. नाही. सुरुवातीला दोन तिरक्या रेघा आल्या की ब्राउझर पुढचा भाग दुसरं डोमेन समजतो. दुसरी रेघ उलटी दिली तरी ब्राउझर ती सुलटीच धरतात.

जँगोमध्ये या तपासणीच्या फंक्शनचं नाव पूर्वी 'इज सेफ यूआरएल' होतं. 3.0 आवृत्तीत त्याजागी 'यूआरएल हॅज अलाउड होस्ट अँड स्कीम' आलं. बोलताना जीभ अडखळते, पण आम्हाला हा बदल फार मोलाचा वाटतो. जुनं नाव 'सुरक्षित' असा शिक्का मारून मोकळं व्हायचं. नवं नाव म्हणतं, डोमेन आणि प्रोटोकॉल पाहिला, बस. 'नेक्स्ट'मध्ये आपल्याच साइटचा लॉगआउटचा पत्ता दिला, तर ही तपासणी 'हो'च म्हणेल.

आणि परतीची ठिकाणं चारपाचच असतील तर बाहेरून पत्ता घेताच कशाला? 'कार्ट', 'प्रोफाइल' असं नुसतं नाव घ्या, पत्ता सर्व्हर आपल्या यादीतून काढेल. यादीत नसलेलं नाव आलं, तर सरळ मुखपृष्ठ.